हसतमुख धन्वंतरी

कॅनडा देशाच्या ओंटॅरिओ प्रांतात, टोरांटो शहराच्या उत्तरेस, बाँड हेड नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८४९ सालच्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस या खेड्यात विल्यम ऑस्लर याचा जन्म झाला. त्याचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तरुणपणी त्यांनी इंग्लंडच्या नौदलात नोकरी केली होती. पुढे ती सोडून ते या रानावनांच्या मुलखात धर्मकार्यासाठी येऊन राहिले. घरात मुलांचा गोतावळा मोठा होता आणि मुलग्यांत विल्यम सर्वांत धाकटा. त्यानेही वडिलांसारखे धर्मोपदेशक व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. परंतु मुलाची लक्षणे मात्र निराळेच काही सांगत होती.

डंडस गावच्या शाळेत असताना एके दिवशी वर्गात हंसांचा एक कळपच्या कळप शिरलेला आढळला. दुसऱ्या एका दिवशी गुरुजी येऊन पाहतात तो वर्गात एकही बाक नाही. सारी बाके माळ्यावर जाऊन बसली होती! अशा प्रत्येक प्रकरणात विल्यमचा हात असे. शेवटी, एका शिक्षकाबद्दल कुलपाच्या भोकातून वेडेवाकडे बोलल्याबद्दल १८६४ साली त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. दुसऱ्या गावच्या शाळेतही त्याने आपली कीर्ती कायम राखली.

अशा स्थितीत वडिलांच्या हाती वेस्टन गावच्या एका नव्या शाळेचे माहितीपत्रक पडले. या शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना संध्याकाळी दिवाणखान्यात बसवून गाणे व नृत्य शिकविले जाईल, असे त्यात लिहिले होते. विल्यमला पुढे गाताही आले नाही आणि नाचताही आले नाही. परंतु १८६६ च्या आरंभी तो या शाळेत दाखल झाला आणि तेथे त्याला विल्यम आर्थर जॉन्सन हे गुरू भेटले.

जॉन्सन हेही धर्मोपदेशक होते आणि ही शाळा त्यांनीच काढलेली होती. त्या काळच्या शाळांत लॅटिन व ग्रीक भाषांचे पाठांतर हेच मुख्य शिक्षण असे. जॉन्सन यांच्याजवळ मात्र एक सूक्ष्मदर्शक यंत्र होते. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना बरोबर घेऊन हंबर नदीच्या काठाने हिंडत. शेवाळ, गोगलगायी, दगडांत सापडणारे प्राचीन जीवांचे अवशेष, डबक्यातील पाणी, असे जे जे मिळेल ते गोळा करून घरी आणीत आणि त्याचा एकेक कण यंत्राखाली ठेवून मुलांस दाखवीत. बेडकाच्या पायाच्या पातळ पडद्यातून रक्त कसे वाहते, हे विल्यमने प्रथम येथेच पाहिले. संध्याकाळी ते उत्तमोत्तम ग्रंथांतील उतारे मोठ्याने वाचून दाखवीत. सर थॉमस ब्राऊन या सतराव्या शतकातील इंग्रज वैद्याचा 'रेलिजिओ मेडिसी' हा ग्रंथ त्यांच्या विशेष आवडीचा होता.

चांगला गुरू भेटताच खोडकर मुलगा एका रात्रीत शहाणा होतो, असे गोष्टींत वाचावयास मिळते. विल्यमच्या बाबतीत तसे काही घडले नाही. शाळेत मुलांची देखरेख करणाऱ्या बाईंवर राग धरून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना खोलीत कोंडले आणि शेगडीवर काकवी, मोहरी व मिरी जाळून त्याचा धूर आत सोडला. बाईंनी फिर्याद केली आणि या वीरांना काही दिवस टोरांटोच्या तुरुंगात काढावे लागले. तरीही जॉन्सन यांनी आपल्या घराचे दार त्याला बंद केले नाही. उलट सूक्ष्मदर्शकाजवळची त्याची जागा पूर्वीसारखीच राखून ठेवली. पुढे हाच मुलगा शाळेचा पहिला विद्यार्थी-प्रमुख झाला.

जॉन्सन यांचे एक स्नेही होते, डॉक्टर जेम्स बोव्हेल. ते टोरांटोच्या वैद्यक विद्यालयात शिकवीत आणि आठवड्याच्या अखेरीस वेस्टनला येत. मग दोन प्रौढ मित्र आणि एक शाळकरी पोर तासन् तास यंत्राभोवती बसून राहत. १८६७ साली विल्यम धर्मशिक्षणासाठी टोरांटोच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेला खरा. परंतु त्याचा बराचसा वेळ बोव्हेल यांच्याकडेच जाऊ लागला. वर्षभराने त्याने धर्मोपदेशक होण्याचा विचार सोडला आणि वैद्यकाची वाट धरली. नाताळच्या सुट्टीत गोठलेल्या पाण्यात सापडलेल्या सूक्ष्म जीवांविषयी त्याने एक लेख लिहिला. तो १८६९ साली इंग्लंडमधील एका मासिकात छापून आला. लेखकाचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते.

डॉक्टर बोव्हेल मोठे विद्वान, पण तितकेच विसराळू. नाना विषयांवरील ग्रंथ त्यांच्या घरी रचून ठेवलेले असत. त्यांनी विल्यमला आपल्या घरीच राहावयास जागा दिली आणि आपला ग्रंथसंग्रह त्याच्या स्वाधीन केला. वर्गात जे मिळाले नसते ते त्याला त्या घरात मिळाले. १८७० साली बोव्हेल वेस्ट इंडीज बेटांकडे गेले, ते परत आले नाहीत. तेथे त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. जाण्यापूर्वी मात्र त्यांनी शिष्याला मॉन्ट्रियल शहरातील मॅकगिल विद्यापीठात जाण्याचा सल्ला दिला होता. कारण तेथील रुग्णालयात शिकण्याची सोय अधिक चांगली होती. पुढे ऑस्लर जगप्रसिद्ध झाल्यावरही, सभेत कंटाळा आला किंवा विचार करीत हातात पेन्सिल धरली, की त्यांच्या नकळत कागदावर जेम्स बोव्हेल हे नाव उमटत असे.

मॉन्ट्रियलला तिसरे गुरू भेटले. डॉक्टर रॉबर्ट पामर हॉवर्ड हे शिस्तीचे, गंभीर आणि अखंड व्यासंगी होते. त्यांनीही आपली पुस्तके आणि आपले घर या विद्यार्थ्यासाठी मोकळे ठेवले. याच काळात परीक्षेच्या आणि भवितव्याच्या चिंतेने विल्यम बेचैन झाला होता. तेव्हा थॉमस कार्लाइल या ग्रंथकाराचे एक वाक्य त्याच्या वाचनात आले. लांबच्या अंधुक गोष्टींकडे डोळे न लावता हाताशी असलेले काम करीत राहावे, असा त्याचा भाव होता. या वाक्याने त्याची चिंता गेली, असे तो पुढे आयुष्यभर सांगत असे. आजचा दिवस पुरता जगावयाचा, उद्याचे उद्या, ही सवय त्याने तेव्हापासून लावून घेतली.

१८७२ साली विल्यम ऑस्लर डॉक्टर झाला आणि पुढील अभ्यासासाठी युरोपात गेला. लंडन येथे रक्ताचे निरीक्षण करीत असताना त्याने रक्तातील अत्यंत बारीक तबकड्यांचा, म्हणजे ज्यांना आता आपण प्लेटलेट म्हणतो त्यांचा, बारकाईने अभ्यास केला. जखम झाल्यावर रक्त गोठते, त्या कामी या तबकड्यांचा मोठा वाटा असतो. बर्लिन आणि व्हिएन्ना येथील थोर वैद्यांची व्याख्याने ऐकून १८७४ साली तो मायदेशी परतला आणि मॅकगिल विद्यापीठात शिकवू लागला.

या नव्या प्राध्यापकांचे वय २५ वर्षांचे होते. पहिल्या व्याख्यानांच्या वेळी ते इतके घाबरले, की ती फारशी चांगली झाली नाहीत. परंतु विद्यार्थ्यांना केवळ ऐकवून भागत नाही, त्यांच्या डोळ्यांना दाखवावे लागते, हे ते जॉन्सन यांच्या घरी शिकलेले होते. सूक्ष्मदर्शक यंत्रे हवी होती आणि विद्यापीठाकडे पैसे नव्हते. त्याच सुमारास मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात देवीच्या रोग्यांच्या दालनात डॉक्टरची जागा रिकामी होती. देवीचा रोग अत्यंत भयंकर. माणसे त्या दालनाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. ऑस्लर यांनी ती जागा पत्करली. या कामाचे जे पैसे मिळाले, त्यांतून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे डझनभर सूक्ष्मदर्शक यंत्रे पॅरिसहून मागविली. काम करता करता त्यांना स्वतःलाही देवी आल्या. सुदैवाने त्या सौम्य होत्या.

या काळातील एक हकिगत सांगितली पाहिजे. इंग्लंडहून आलेला एक तरुण प्रवासी मॉन्ट्रियलमध्ये देवीच्या रोगाने अंथरुणास खिळला. परक्या देशात त्याचे कोणीही नव्हते. ऑस्लर यांनी त्याची शुश्रूषा केली, शेवटच्या रात्री ते त्याच्या उशाशी बसून राहिले आणि त्याच्या आवडीचा धर्मग्रंथातील भाग त्याला वाचून दाखविला. तो गेल्यावर त्यांनी त्याच्या वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. सुमारे ३० वर्षांनी ऑस्लर ऑक्सफर्डला राहावयास गेले, तेव्हा एका बाईंनी त्यांची भेट घेऊन, मॉन्ट्रियलचे ते डॉक्टर आपणच काय, असे विचारले. त्या त्या तरुणाच्या भगिनी होत्या. आईने ते पत्र जिवापाड जपून ठेवले होते.

मॉन्ट्रियलला त्यांनी १० वर्षे काढली. शेकडो शवविच्छेदने स्वतःच्या हाताने करून रोगाने शरीरात नेमके काय होते, हे त्यांनी पाहिले. १८८४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विद्यापीठाने त्यांना बोलाविले. जावे की न जावे, याचा निर्णय त्यांनी नाणे उडवून केला, असे ते स्वतः सांगत! नेमणुकीपूर्वी तेथील एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांना जेवावयास बोलावून चेरीची मिठाई वाढली. पाहुणा चेरीच्या बियांची विल्हेवाट कशी लावतो, यावरून त्याच्या रीतीभातींची परीक्षा घ्यावयाची होती. ऑस्लर यांना ही युक्ती ठाऊक होती. त्यांनी बिया हळूच चमच्यात घेतल्या आणि ते उत्तीर्ण झाले.

१८८९ साली बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि ऑस्लर तेथील मुख्य वैद्य झाले. त्याला जोडून १८९३ साली वैद्यक विद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात १८ विद्यार्थी होते आणि त्यांत ३ स्त्रिया होत्या. त्या काळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वैद्यकाचे शिक्षण व्याख्यान-मंदिरात बसूनच होत असे. रोग्याला स्पर्शही न करता विद्यार्थी डॉक्टर होऊन बाहेर पडत. ऑस्लर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सरळ खाटेजवळ नेले. प्रत्येकाकडे काही रोगी सोपविले. त्यांची हकिगत विचारणे, नाडी पाहणे, छाती ऐकणे, रक्त तपासणे ही सारी कामे विद्यार्थ्याने करावयाची आणि गुरूंपुढे सांगावयाची. विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या दालनात आणून शिकविले, एवढेच काम आपल्या नावावर राहिले तरी पुरे, असे त्यांना वाटे. विद्यार्थ्याच्या हातात हात अडकवून चालणारा, सांगता सांगता चटकन विनोद करणारा हा प्राध्यापक दालनात शिरला की रोग्यांचेही चेहरे उजळत.

१८९२ साली त्यांचा वैद्यकशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो जगभर वाचला गेला. त्यात त्यांनी एक मोठी प्रामाणिक गोष्ट केली होती. ज्या रोगांवर खरे औषध नव्हते, तेथे तसे स्पष्ट लिहिले होते. १८९७ साली तो ग्रंथ रॉकफेलर या धनिकाच्या एका सल्लागाराने वाचला. इतक्या रोगांवर औषध नाही, हे पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्यातूनच पुढे १९०१ साली वैद्यकीय संशोधनासाठी रॉकफेलर संस्था उभी राहिली. या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत ऑस्लर यांनी तीनच नावे लिहिली: जॉन्सन, बोव्हेल आणि हॉवर्ड. गुरू हॉवर्ड तोपर्यंत निवर्तले होते. त्यांच्या मुलांची काळजी ऑस्लर यांनी आपल्याच मुलांप्रमाणे वाहिली.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि मग बाल्टिमोरमधील त्यांच्या घरात एक नवा परिपाठ पडला. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांची टोळी घरी यावयाची. आधी आठवड्यातील अवघड रोग्यांची चर्चा, मग खाणेपिणे, मग जुन्या वैद्यांच्या जुन्या ग्रंथांचे दर्शन. शेजारच्या घरात काही तरुण डॉक्टर राहत. त्यांना ऑस्लर यांनी आपल्या घराच्या किल्ल्याच देऊन टाकल्या होत्या. केव्हाही यावे, ग्रंथालयात बसावे, हवे ते पुस्तक घ्यावे. हार्वे कुशिंग हा त्यांतलाच एक. मेंदूवरील शस्त्रक्रियेत पुढे त्याने मोठे नाव मिळविले. आपल्याला बोव्हेल आणि हॉवर्ड यांच्या घरी जे लाभले, तेच ऑस्लर या मुलांना देत होते आणि त्यात त्यांना विलक्षण आनंद होत असे.

खोड्यांची सवय मात्र सुटली नाही. एका काल्पनिक डॉक्टरच्या नावाने ते मासिकांना थापांनी भरलेली पत्रे पाठवीत. एकदा तर थट्टा अंगाशीही आली. १९०५ साली बाल्टिमोर सोडताना केलेल्या भाषणात त्यांनी साठी उलटलेल्या माणसांविषयी विनोद केला. वर्तमानपत्रांनी तो खरा मानला आणि वृद्धांना क्लोरोफॉर्म द्यावा असे डॉक्टर म्हणतात, अशी आवई देशभर उठली. त्यांना फार मनस्ताप झाला. तेव्हा ते स्वतः ५५ वर्षांचे होते!

बाल्टिमोरला कामाचा भार असह्य झाल्यामुळेच त्यांनी हे शहर सोडले होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना वैद्यकाचे मानाचे प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा ते तिकडेच होते. आढेवेढे न घेता लगेच होकार द्या, अशी तार पत्नीने अमेरिकेतून धाडली. ऑक्सफर्डचे त्यांचे घरही सर्वांना खुले असे. १९१६ साली वाइल्डर पेनफील्ड नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी बोटीवर पाणतीराचा हल्ला झाल्याने जखमी झाला. तो बरा होण्यासाठी याच घरात येऊन राहिला होता. त्याने पुढे मॉन्ट्रियल येथे मेंदूच्या रोगांची प्रसिद्ध संस्था स्थापन केली.

मुलांवर ऑस्लर यांचे अतोनात प्रेम होते. ऑक्सफर्डमध्ये एक लहान मुलगा डांग्या खोकल्याने अगदी खंगला होता. काही केल्या तो अन्न तोंडात घेईना. विद्यापीठाच्या समारंभास जाता जाता ऑस्लर त्याला पाहावयास गेले. अंगावर पदवीदानाचा लालभडक झगा होता. मुलगा टकमक पाहू लागला. ऑस्लर यांनी एक पीच सोलले, त्यावर साखर घातली, बारीक फोडी केल्या आणि हे फार निराळे फळ आहे असे सांगत एकेक फोड त्याला भरविली. मुलाने ती खाल्ली. बाहेर आल्यावर त्यांनी वडिलांना सांगितले, की आशा थोडी आहे. त्यानंतर सुमारे ४० दिवस ते रोज त्या घरी गेले. दारात आपला लाल झगा अंगावर चढवावयाचा, मग खोलीत शिरावयाचे आणि स्वतः मुलाला भरवावयाचे. मुलगा बरा झाला.

पहिल्या महायुद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा रेव्हिअर तोफखान्यात अधिकारी होता. १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात बेल्जममध्ये ईप्रच्या रणक्षेत्रावर तोफेच्या गोळ्याने तो जबर जखमी झाला. त्याला रणभूमीमागील रुग्णालयात नेले. योग असा, की अमेरिकन शल्यवैद्य त्या भागात होते. हार्वे कुशिंग रात्री धावत आला. बाल्टिमोरच्या घरात त्याने या मुलाला खेळताना पाहिले होते. सर्वांनी शर्थ केली. परंतु ३० ऑगस्टला पहाटे रेव्हिअर मरण पावला. त्याचे वय २१ वर्षांचे होते. कुशिंगने त्याला मूठमाती दिली जात असताना जवळ उभे राहून गुरूच्या वतीने अखेरचा निरोप घेतला.

रात्री एकांतात ऑस्लर रडत. दिवसा मात्र घराचे दार उघडेच असे. युद्धावरून आलेले तरुण डॉक्टर आणि सैनिक येत आणि यजमान पूर्वीसारखेच हसून त्यांचे स्वागत करीत. पुढच्या वर्षीच्या पानगळीत एका लहान मुलीला ते रोज पाहावयास जात. ती वाचणार नव्हती. ते दाराशी ओणवे होऊन परीकथेतल्या बुटक्यासारखे आत येत आणि तिच्या बाहुल्यांची विचारपूस करीत. एका थंडगार सकाळी त्यांनी खिशातून कागदात जपून गुंडाळलेले लाल गुलाबाचे फूल काढले. बागेतले हे वर्षातले शेवटचे फूल असून त्यानेच आपल्याला या मुलीकडे घेऊन चल असे सांगितले, अशी गोष्ट त्यांनी तिला सांगितली. फुलालाच काय, माणसालाही एका जागी हवे तितके दिवस राहता येत नाही. पण पुढच्या घरीही सुखच असते, आणि मागे राहिलेल्या आईवडिलांनी दुःख करू नये, असेही बोलण्याच्या ओघात हळूच सांगितले. मुलीला ते उमगले. ती घाबरली नाही.

१९१९ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २९ तारखेस, फुप्फुसाच्या दीर्घ आजारानंतर, ऑस्लर यांचे ऑक्सफर्ड येथे देहावसान झाले. विद्यार्थिदशेत विकत घेतलेली 'रेलिजिओ मेडिसी'ची प्रत त्यांच्या शवपेटीवर ठेवण्यात आली. हार्वे कुशिंगने पुढे गुरूचे विस्तृत चरित्र लिहिले. ते १९२५ साली प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ऑस्लर यांनी आयुष्यभर जमविलेले सुमारे ८००० ग्रंथ त्यांच्या इच्छेनुसार मॅकगिल विद्यापीठाकडे गेले. १९२९ साली तेथे त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडण्यात आले आणि त्या ग्रंथांच्या मधोमध त्यांची व त्यांच्या पत्नीची रक्षा ठेवण्यात आली.